एक्सेलमधली वंशावळ ग्रॅम्प्समध्ये नेताना

विनायक गणेश खोत हे नाव आमच्या तक्त्यात दोनदा आहे. एक विनायक १८७० च्या सुमारास जन्मले, दुसरे १९२४ साली, आणि पहिले दुसऱ्यांचे आजोबा. (नावं बदलली आहेत, घोळ खरा आहे.) नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं आणि मधलं नाव वडिलांचं लावायचं, अशी रीत असल्यावर एक पिढी सोडून तेच तीन शब्द पुन्हा उभे राहतात. वहीत हे खपून जातं, कारण कोणता विनायक गावी राहिला आणि कोणता मुंबईला रेल्वेत लागला हे वाचणाऱ्या आत्याला ठाऊक असतं. मी मात्र पहिल्या खेपेला पूर्ण नाव हीच ओळख धरून तक्ता सॉफ्टवेअरमध्ये ओतला. दोन्ही विनायक एकच झाले. त्यांच्या नावावर दोन बायका लागल्या, त्यातली एक त्यांची स्वतःची नातसून, आणि आलेखात ते स्वतःचेच आजोबा होऊन बसले.

घराण्याची माहिती एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये गोळा केली आहे आणि आता ती वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर ग्रॅम्प्स धरलं आहे. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि माहिती तुमच्याच संगणकावर राहते. मुख्य म्हणजे ते सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साध्या मजकुराचा तक्ता, थेट वाचतं. बहुतेक ऑनलाइन सेवा आणि वेबट्रीजसारखी सॉफ्टवेअर जेडकॉम नावाची फाइल मागतात. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये आणलेला हा साध्या मजकुराचा नमुना आज वंशावळीच्या जगाची बोलीभाषा आहे. जेडकॉम हाताने लिहिणं म्हणजे शिक्षा. म्हणून रस्ता असा: तक्त्यातून सीएसव्ही, सीएसव्हीतून ग्रॅम्प्स, आणि पुढे कुठे द्यायचं झालं तर ग्रॅम्प्समधून जेडकॉम.

प्रत्यक्ष आयातीला दोन मिनिटं लागतात. त्याआधीच्या साफसफाईला, दीडशे-दोनशे माणसं असतील तर, दोन-तीन रविवार धरा.

पायरी १: तुमच्या तक्त्यात काय आहे ते बघा

मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

आपल्याकडचे तक्ते बहुधा एकाच घाटाचे असतात: अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, पत्नी, मुलं, गाव, मोबाइल. ‘मुलं’ या एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन पाच नावं. पत्नीच्या चौकटीत ‘सौ. जानकी (माहेर बर्वे, वाई)’. कागद म्हणून हे उत्तम आहे. पण जानकीबाईंना इथे स्वतःची ओळच नाही, त्या नवऱ्याच्या ओळीतला एक रकाना आहेत. छापील कुलवृत्तांतांतही पुष्कळदा हेच दिसतं. सॉफ्टवेअरला प्रत्येक माणसाची वेगळी ओळ लागते, मग ती सून असो, लग्न होऊन गेलेली लेक असो की आठव्या दिवशी गेलेलं बाळ असो. पहिलं काम हेच: चौकटीत कोंबलेली माणसं बाहेर काढून प्रत्येकाला एक ओळ द्यायची.

याच वेळी ‘कुठून कळलं’ असा एक रकाना वाढवा. घरची वही, कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी, दक्षिण महाराष्ट्रात असाल तर वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्याची वही, शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंद), फेरफार, किंवा नुसतं ‘मोठ्या काकूने सांगितलं’. ग्रॅम्प्सच्या सीएसव्हीत स्रोतासाठी स्वतंत्र रकाना आहे, त्यामुळे हे लिहिलेलं वाया जात नाही. जात पडताळणीसाठी वंशावळ जुळवताना ‘हे नाव कुठे सापडलं’ हाच पहिला प्रश्न असतो, आणि तेव्हा पाच वर्षांपूर्वीचं आठवत बसण्यापेक्षा रकाना बरा.

पायरी २: अक्षरं खरीच युनिकोडमध्ये आहेत का

हे कुणी सांगत नाही. फाइल वीस वर्षांपूर्वीची असेल आणि कुणी डीटीपी करणाऱ्याने टाइप केलेली असेल, तर ती श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असण्याचा संभव आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँटने त्यांना फक्त मराठी सोंग दिलेलं असतं. ओळखायची युक्ती सोपी: एक नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. मराठीच राहिलं तर युनिकोड, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर आधी त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून सगळं बदलून घ्या आणि मग प्रत्येक नाव डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास मार खातात.

युनिकोडमध्येही एक खोड आहे. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाड’ यांतला तो आडवा र दोन रीतींनी टाइप होतो: काही कळफलक खास ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी आडनावं. आडनावांच्या यादीत एकच घराणं दोनदा दिसलं तर संशय इथे घ्या. शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच पद्धत करा. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच दगा देते, ती ट्रिम या फॉर्म्युल्याने जाते.

पायरी ३: प्रत्येकाला क्रमांक

हीच पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती.

प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, जो कधी बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. मी पी००१, पी००२ असे दिले. नुसतं ००१ लिहिलंत तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन त्याचा १ करतं, म्हणून आधी एक अक्षर असू द्या. क्रमांकात पिढी किंवा शाखा कोंबू नका. ‘३-ब-२’ म्हणजे तिसऱ्या पिढीतल्या दुसऱ्या भावाचा दुसरा मुलगा, हे फार हुशारीचं वाटतं, पण मग एके दिवशी सर्वांत थोरला, लहानपणी गेलेला भाऊ जुन्या कागदात सापडतो आणि अख्ख्या शाखेचे क्रमांक हलतात. क्रमांक मुका असलेलाच बरा.

आता वडील, आई, नवरा, बायको यांच्या रकान्यांत नावांऐवजी क्रमांक भरा. कंटाळवाणं काम आहे, पण इथेच पेच उघडे पडतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर ती बाई तक्त्यात दोन ठिकाणी असते, एकदा आजोळची लेक म्हणून आणि एकदा आपल्या घरची सून म्हणून, कधीकधी दोन वेगळ्या नावांनी. तिला क्रमांक एकच. दुसरेपणाचं लग्न असेल तर नवऱ्याचा क्रमांक एकच, लग्नं दोन, आणि कुठलं मूल कुठल्या आईचं हे विचारावंच लागतं. मला त्यासाठी तीन फोन करावे लागले, आणि तिसऱ्या फोनवर एक जुना मालमत्तेचा वादही ऐकावा लागला.

भरून झाल्यावर काउंटइफ या फॉर्म्युल्याने तपासा: वडिलांच्या रकान्यातला प्रत्येक क्रमांक मुख्य रकान्यात नेमका एकदा सापडतो का? शून्य आलं तर माणूस नोंदवायचा राहिला, दोन आलं तर क्रमांक दोघांना गेला.

पायरी ४: नावं

मराठी नावाचे तीन भाग असले तरी सॉफ्टवेअरमध्ये दोनच ठेवा, स्वतःचं नाव आणि आडनाव. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि ते नात्यांतून आपोआप कळणारच आहे. ते स्वतःच्या नावाला चिकटवलंत तर ‘विनायक गणेश’ हेच एक नाव होऊन बसतं आणि शोधताना त्रास होतो.

बायकांचं मुख्य नाव माहेरचं. जगभर वंशावळ लिहिताना जन्मनावच मुख्य धरतात, आणि आपल्याकडे तर लग्नात कधी पहिलं नावही बदललं जायचं, त्यामुळे त्याला पर्याय नाही. बर्व्यांची द्वारका खोतांकडे येऊन जानकी झाली असेल तर नावात द्वारका, आडनावात बर्वे, आणि टिपेच्या रकान्यात ‘सासरचं नाव जानकी खोत’. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला अनेक नावं देता येतात आणि त्यात विवाहानंतरचं नाव हा प्रकारही आहे, पण सीएसव्हीतून एकच नाव जातं. दुसरं नंतर हाताने घालायचं. पहिलं नाव माहीतच नसेल, आणि पणजीच्या पिढीत असं फार होतं, तर चौकट रिकामी सोडा. ‘अज्ञात’ लिहू नका, नाहीतर अज्ञात नावाच्या बारा बायकांची एक वेगळीच यादी तयार होते.

श्री., सौ., चि., रा. रा. काढून टाका. ‘कै.’ काढताना मात्र थांबा. ते एक अक्षर म्हणजे माणूस गेल्याची एकुलती एक नोंद असते. ती पुसली आणि मृत्यूचा रकाना कोरा राहिला, तर १९३० साली जन्मलेल्या माणसाला ग्रॅम्प्स हयात धरून चालेल. गेल्याचं साल माहीत नसेल पण २००५ मध्ये ते नव्हते एवढं नक्की असेल, तर मृत्यूच्या तारखेत ‘बिफोर २००५’ लिहा. ग्रॅम्प्सला ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अबाउट’ आणि ‘बिट्वीन अमुक अँड तमुक’ हे शब्द कळतात. ते फाइलमध्ये इंग्रजी लिपीतच लिहायचे, आकडेही इंग्रजी.

पायरी ५: तारखा, म्हणजे खरी डोकेदुखी

एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीचा काळ ठाऊक नाही. तुम्ही १५ मार्च १८९८ लिहिलंत तर ते त्याला नुसता मजकूर समजतं, आणि १५ मार्च १९५२ लिहिलंत तर तारीख. दिसायला रकाना एकसारखा, आत दोन जातींचा माल, आणि सीएसव्ही करताना दोघांचं रूप वेगवेगळं बाहेर पडतं. शिवाय ३/४/१९५२ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे तुमच्या संगणकात कुठला देश निवडला आहे त्यावर ठरतं. पुण्यातली बहीण आणि न्यू जर्सीतला भाऊ एकाच फाइलमध्ये भरत असतील तर निम्म्या तारखा उलट्या झाल्याच म्हणून समजा. अमेरिकेत महिना आधी लिहितात.

उपाय असा. भरण्याआधीच तारखांचे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. मग तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा: १९५२-०४-०३. नुसतं साल असेल तर नुसतं साल. महिना आणि साल एवढंच असेल, जसं १९५२-०६, तरी टेक्स्ट प्रकार आधी केलेला हवा, नाहीतर एक्सेल त्याचं ‘जून-५२’ करून ठेवतं. आधीच खऱ्या तारखा म्हणून भरलेल्या चौकटी टेक्स्ट नावाच्या फॉर्म्युल्याने याच रूपात आणता येतात. मात्र दिवस-महिन्याची अदलाबदल झाली असेल तर तो फॉर्म्युला ती पकडत नाही, ती तुम्हालाच बघावी लागते.

जुन्या वहीत शके असतो. ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, पर्शियन अशी बरीच कालगणना आहे, अगदी फ्रेंच राज्यक्रांतीचीही आहे, पण आपला शक नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, ही निम्मीच गोष्ट. शक गुढीपाडव्याला बदलतो आणि सन १ जानेवारीला. म्हणून चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारण ७८, आणि माघ-फाल्गुनात ७९. पौष दोन्हीकडे पाय ठेवून असतो. ‘शके १८२० माघ’ म्हणजे १८९९, १८९८ नव्हे. महिनाच दिलेला नसेल तर ‘बिट्वीन १८९८ अँड १८९९’ लिहून मोकळं व्हा. तिथी आणि शक जसाच्या तसा टिपेत उतरवून ठेवा, कुणीतरी पुढे जुनं पंचांग काढून नेमकी तारीख लावेल. वहीत फसली साल असेल तर ५९० मिळवा, आणि तिथेही वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एका वर्षाची सूट ठेवा.

आणि तो १ जून. आमच्या एका काकांना तीन सख्खी भावंडं, तिघांचाही जन्म १ जूनचा, सालं वेगळी. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेल्या तारखा आहेत या. महाराष्ट्रात हे घराघरांत सापडेल. दाखल्यावरची तारीख खोडू नका, पण स्रोताच्या रकान्यात ‘शाळेचा दाखला’ लिहा आणि घरात दुसरी काही आठवण असेल, ‘श्रावणातला जन्म, त्या साली विहीर आटली होती’ अशी, तर तीही टिपेत घाला.

पायरी ६: तीन तक्ते, एकाखाली एक

ग्रॅम्प्सच्या सीएसव्हीत आधी माणसं, मग लग्नं, मग मुलं. तिन्ही तक्ते एकाच शीटवर एकाखाली एक हवेत, मध्ये एक कोरी ओळ. शीर्षकं ठरावीक इंग्रजी शब्दांत आणि इंग्रजी लिपीत द्यायची, इथे मी उच्चार देते. नावं मात्र खुशाल देवनागरीत राहू द्या.

पर्सन, गिव्हन, सरनेम, जेंडर, बर्थडेट, डेथडेट, नोट
पी००१, विनायक, खोत, मेल, अबाउट १८७०, १९३१,
पी००२, यमुना, आपटे, फिमेल, , बिफोर १९४०, सासरचं नाव सरस्वती
पी००३, गणेश, खोत, मेल, १८९९, १९६२-११-०८, शके १८२० माघ
पी००४, द्वारका, बर्वे, फिमेल, , १९७४, सासरचं नाव जानकी
पी००५, विनायक, खोत, मेल, १९२४-०८-१७, ,

मॅरेज, हजबंड, वाइफ, डेट
एम०१, पी००१, पी००२,
एम०२, पी००३, पी००४, १९१९

फॅमिली, चाइल्ड
एम०१, पी००३
एम०२, पी००५

दोन विनायक आहेत, पण एक पी००१ आणि एक पी००५. आता कुणी कुणाचा आजोबा होणार नाही, जो आहे तो सोडून.

तिसऱ्या तक्त्यातला एम०२ हा दुसऱ्या तक्त्यातल्या लग्नाचा क्रमांक. मूल नवऱ्याला किंवा बायकोला जोडलं जात नाही, त्या जोडप्याला जोडलं जातं. दुसरेपणाच्या लग्नातली मुलं वेगळी राहतात ती यामुळे. आईचं काहीच माहीत नसेल तर वाइफची चौकट रिकामी सोडा, कुटुंब तरीही तयार होतं. लग्नाची तारीख नसेल तरी लग्नाची ओळ हवीच, ती नसेल तर मुलांना जोडायला खुंटीच नाही. जन्मस्थळासाठी बर्थप्लेस, मृत्यूस्थळासाठी डेथप्लेस, स्रोतासाठी सोर्स हे रकानेही पहिल्या तक्त्यात वाढवता येतात.

कोऱ्या ओळीबद्दल सावध राहा. ग्रॅम्प्सला कोरी ओळ दिसली की ते समजतं, तक्ता संपला, आता पुढची ओळ नव्या शीर्षकांची. शाखा वेगळ्या दिसाव्यात म्हणून तुम्ही माणसांच्या मध्येच एक ओळ मोकळी सोडली असेल, तर त्यापुढचे बापूकाका ‘शीर्षक’ होतात आणि त्यांच्याखालची अख्खी शाखा गायब. सुंदर दिसण्यासाठी सोडलेल्या सगळ्या ओळी काढा, दोनच ठेवा.

शीर्षकांबद्दल खात्री वाटत नसेल तर आधी ग्रॅम्प्स उघडून हाताने चार माणसांचं एक खोटं कुटुंब भरा आणि ते सीएसव्ही म्हणून निर्यात करा. निघालेली फाइल हाच तुमचा नमुना. मदतपानं वाचण्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी पडलं.

पायरी ७: सीएसव्ही जतन करणं

एक्सेलमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये दोन-तीन सीएसव्ही दिसतात. त्यातला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच घ्या. नुसता ‘सीएसव्ही’ निवडलात तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते, आणि ती प्रश्नचिन्हं परत नावं होत नाहीत. तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये हा पर्याय नसेल तर फाइल गूगल शीटमध्ये चढवून तिथून सीएसव्ही उतरवा, ती यूटीएफ-८ मध्येच येते. लिबरऑफिस जतन करताना कॅरेक्टर सेट विचारतं, तिथे यूटीएफ-८ निवडा. एक्सेल एका वेळी समोरचं एकच शीट सीएसव्हीत काढतं, म्हणून तीन तक्ते तीन शीटवर ठेवून भागत नाही.

फाइल तयार झाली की ती फक्त नोटपॅडमध्ये उघडून बघा. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. उघडलीत आणि सवयीने जतन केलीत की तारखांचा पुन्हा चिवडा झालाच. दुरुस्ती नेहमी एक्सेलमधल्या कामाच्या प्रतीत करा आणि सीएसव्ही नव्याने काढा.

पायरी ८: आयात

ग्रॅम्प्सची भाषा इंग्रजीच ठेवा, कारण मेल-फिमेल हे शब्द ते निवडलेल्या भाषेत शोधतं. प्रेफरन्सेसमध्ये ‘अ‍ॅड टॅग ऑन इम्पोर्ट’ आहे, त्यावर खूण करा. या खेपेला आलेल्या प्रत्येक माणसावर तारखेची चिठ्ठी लागते, पुढे काही बिघडलं तर नेमकी तीच माणसं वेगळी काढता येतात. मग फॅमिली ट्रीज मेनूतून एक नवं, कोरं झाड तयार करा, ते उघडा, आणि त्याच मेनूतल्या इम्पोर्टमधून फाइल निवडा.

पहिल्या प्रयत्नात काहीतरी चुकतंच. चुकलं तर त्याच झाडात पुन्हा आयात करू नका, सगळी माणसं दुप्पट होतात. ते झाड पुसा, एक्सेलमध्ये दुरुस्ती करा, नवं कोरं झाड घ्या. माझं सहावं झाड टिकलं.

टिकलंय हे कसं कळणार? आधी माणसांची संख्या मोजा, तक्त्यातल्या ओळींइतकी हवी. मग एखाद्या मधल्या पिढीतल्या माणसाला ‘होम पर्सन’ करा आणि टूल्समधलं ‘नॉट रिलेटेड’ चालवा. ज्यांचं त्या माणसाशी कुठूनही नातं लागत नाही त्यांची यादी येते. ती रिकामी असायला हवी. त्यात कुणी दिसलं तर बहुधा लग्नाची ओळ राहिलेली असते. माझ्या यादीत एक अख्खी शाखा निघाली होती, सतरा जण, कारण एका जागी एम०९ ऐवजी एम९ पडलं होतं. त्यानंतर ‘व्हेरिफाय द डेटा’. हे मुलाच्या जन्माआधी मेलेली आई, आईपेक्षा मोठं मूल, शंभरी ओलांडून बरंच पुढे गेलेले लोक दाखवतं. इथे येणारं सगळंच चूक नसतं. शंभर वर्षांपूर्वी बाराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलींबद्दल ते तक्रार करत राहील, ती तक्रार खरी आहे पण नोंदही खरी आहे. शेवटी ‘फाइंड पॉसिबल ड्युप्लिकेट पीपल’. आमच्यात तिथे पहिलं नाव अर्थातच दोन विनायकांचं आलं. एकत्र करा म्हणून ते सुचवतं, नाही म्हणा.

आयातीनंतर हाताने करायचं

दत्तक. आयातीआधीच तिसऱ्या तक्त्यात दत्तक मुलाच्या दोन ओळी द्या, एक जन्मदात्या कुटुंबाच्या क्रमांकासह आणि एक दत्तक घराच्या. ग्रॅम्प्स एका मुलाला आई-वडिलांच्या दोन जोड्या चालवून घेतं. मग दत्तक कुटुंबाच्या नोंदीत त्या मुलाचं नातं ‘बर्थ’ऐवजी ‘अ‍ॅडॉप्टेड’ करा, दोघांच्या बाबतीत, आईच्याही आणि वडिलांच्याही. भावाचा मुलगा दत्तक घ्यायची चाल असलेल्या घरांत हे पाचसहा ठिकाणी निघतं, आणि जमिनीच्या कागदांशी ताडून बघताना याचाच उपयोग होतो.

मग टिपेतली सासरची नावं. हे काम मी रोज रात्री दहा-बारा बायका अशा बेताने केलं.

गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांसाठी ग्रॅम्प्समध्ये तयार खण नाहीत, पण माणसाला हवं ते गुणविशेष जोडता येतं आणि प्रकाराचं नाव आपण मराठीत ठेवू शकतो. घराण्यातल्या प्रत्येकाला ते लावत बसू नका, सर्वांत वरच्या पुरुषाला एकदा लावलं की पुरे.

बाहेर द्यायच्या आधी

भाऊबंदांना पाठवायचं किंवा ऑनलाइन सेवेवर चढवायचं असेल तर जेडकॉम म्हणून निर्यात करा. निर्यात करताना ग्रॅम्प्स हयात माणसांचं काय करायचं ते विचारतं. त्यांना वगळा, निदान त्यांच्या तारखा तरी झाका. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव आणि गाव एकत्र असणं हे कुणाच्या बँकेच्या दृष्टीने चांगलं नाही. मूळ तक्त्यातले मोबाइल आणि आधार क्रमांक तर सीएसव्हीत यायलाच नकोत, आयातीआधीच तो रकाना उडवा.

आणि बॅकअप. फॅमिली ट्रीज मेनूतून ‘मेक बॅकअप’ केलं की सगळं एका फाइलमध्ये येतं. ती पेनड्राइव्हवर ठेवा, आणि एक प्रत अशा नातलगाकडे ठेवा जो दुसऱ्या शहरात राहतो.

आता नवं नाव आलं तर

जुना एक्सेल तक्ता बंद. दोन ठिकाणी भरत राहिलात तर महिन्याभरात कोणता खरा हे तुम्हालाच कळणार नाही. पण घरातल्या सगळ्यांना ग्रॅम्प्स शिकवणं शक्य नसतं. आमच्या सांगलीच्या वहिनींना शीटच कळते आणि त्यांच्याकडून येणारी माहिती सोन्यासारखी असते. त्यांच्यासाठी एक छोटी कोरी शीट ठेवली आहे, त्यात फक्त नवी माणसं. आधीच्या माणसाशी जोडायचं असेल तिथे ग्रॅम्प्सने त्याला दिलेला क्रमांक चौकोनी कंसात लिहायचा, म्हणजे आय००४५ असेल तर तो कंसात. कंस दिसला की ग्रॅम्प्स नवा माणूस तयार करत नाही, झाडातला तोच माणूस शोधतं. जुने पी००१ वगैरे क्रमांक या वेळी चालत नाहीत, ते त्या एका आयातीपुरतेच होते. म्हणून त्यांना ग्रॅम्प्समधली माणसांची क्रमांकासह यादी छापून दिली आहे. परवा त्यांचा फोन आला, यादीत दोन विनायक आहेत, एक खोडू का म्हणून.